सेवाकाळातील झीज

"सर, हा बिल्ला उलटा करून दाखवता का?"

एवढंच. सात शब्द. खाली जिन्यात पुनम म्हणाली होती, "हिंमत असन तं विचार, नाईतर वर्षभर आमचं डोकं खाल्लं तेवढं पुरे." पिंकीनं तर शर्तच लावली होती. मी अडखळले तर तिच्या सायन्स जर्नलच्या सगळ्या आकृत्या मी काढायच्या, बेडकाच्या पचनसंस्थेसकट. मी अडखळले नाही. आवाज इतका खणखणीत निघाला की कोण बोललं म्हणून मलाच मागं वळून बघावंसं वाटलं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. धनराज सरांच्या हातातली बांबूची काडी हवेत तशीच थांबली. या काडीनं ते दरवर्षी डिसेंबरात लोकांना आपला संग्रह दाखवतात, आणि लोकांनी घरून आणलेल्या जुन्या वस्तू खऱ्या की खोट्या ते सांगतात. काडीपुढं शिंप्याच्या दुकानातला असतो तसा बिनडोक्याचा पुतळा होता. पुतळ्याला खाकी कोट, वर काठीला अडकवलेली टोपी, टोपीला पितळी बिल्ला. बिल्ल्यावर खांब. खाली सुबक अक्षरात पाटी: दुसरे महायुद्ध, ब्रह्मदेश आघाडी, महार रेजिमेंट, शिपाई गणवेश. मूळ बिल्ला. सेवाकाळातील झीज.

सेवाकाळातील झीज! ती पाटी मी सकाळपासून चारदा वाचली होती आणि चारही वेळा श्वास आपोआप रोखला गेला होता. कबड्डीत चढाईला जाताना रेषेवर पाय ठेवला की होतं तसं. श्वास भरून घ्यायचा, तो सोडायचा नाही, आणि समोरच्याला हात लावूनच परत यायचं. झीज. कोणाची सेवा, सर? माझ्या पणज्यानं हा बिल्ला टोपीवर तीन-साडेतीन वर्षं घातला असेल. तेवढ्यानं पितळ झिजत नाही. ते माझ्या आज्याच्या अंगठ्यानं झिजलं. गुलाबराव दसरूजी, पोस्टातून रिटायर, डावखुरा माणूस. म्हणून खांबाची डावी कड उजवीपेक्षा जास्त गुळगुळीत आहे. ते हॉलमधल्या साठ माणसांपैकी मला एकटीला दिसत होतं, आणि मला वाटलं की माझे डोळे आता भिंगासारखे तापून त्या टोपीला भोक पाडतील.

आमच्या घरी त्याला बिल्ला कोणी म्हणतच नव्हतं. खांब म्हणायचे. "खांब काढ वं पोट्टे," आजा म्हणायचा, दरवर्षी एक जानेवारीला, सकाळी सात वाजता, मफलर गुंडाळून. ट्रंकेतून कोट निघायचा. कोट फार थोडा उरला होता, बाह्या, गळपट्टी आणि एक खिसा, बाकी कसरीनं खाल्लेलं. त्या खिशात रुमालात बांधलेला खांब. मी वाटीत चिंच भिजवायची. राख मात्र आजा स्वतः आणायचा, आणि कुठून? छतावरून! घरात चूल कधीचीच गेली होती, गॅसला राख कुठली. पण चंद्रपुरात राखेला काय तोटा. पावर हाऊसची राख रात्रीतून छतावर पडते, वाळत टाकलेल्या कपड्यांवर पडते, माणसावर पडते. आजा बोटानं सिमेंटवरून ती ओढून चिमूट करायचा. म्हणायचा, "सरकारनं फुकट पाठवली, वापराची." मग चिंच, राख आणि डावा अंगठा. घास, घास, घास. काळपट पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळायचं आणि खालून ते पिवळं हसू यायचं, पितळेचं. आंबट वास. मग खांब नव्या रुमालावर ठेवून आम्ही विहारात जायचो. तिथं आजा सगळ्यांना दाखवायचा: हा भीमा कोरेगावचा खांब, माह्या बापाच्या टोपीवरचा. बाया हात लावून हात कपाळाला लावायच्या. आजा रागावायचा, "पाया नका पडू, पाहा. पाहाले आणला."

आणि मागची बाजू. ती फक्त घरच्यांना माहीत. बिल्ल्याला मागं दोन कड्या असतात. त्या टोपीच्या कापडातून आरपार घालायच्या आणि आतून पिन अडकवायची. आमच्या खांबाची एक कडी ब्रह्मदेशातच कुठंतरी तुटली. पणजा परत आला तेव्हा खांब एका कडीवर लोंबकळत होता. माझी पणजी ठमाबाई म्हणाली, लढाईवरून आलेला माणूस असा वाकडा दिसू नये. तिनं आपल्या पोलक्याचा एक हूक उसवला आणि कल्हईवाल्याकडून डाग देऊन मागं बसवून घेतला. पुढं सरकारचा खांब, मागं बाईचा हूक. आजा तिथं पोचला की हसायचा. "माह्या मायचं पोलकं जन्मभर एका हुकानं उघडं राहलं, पण माह्या बापाची टोपी सरळ राहली."

गेल्या डिसेंबरात आजाच म्हणाला, जाऊ. एवढा विद्वान माणूस जुन्या वस्तू पाहून देते, खांब दाखवू, कागदावर लिहून घेऊ. बाबांना तेव्हाही नको होतं. माझे बाबा, नागसेन, कुठंही दाखवायला जायचं म्हटलं की त्यांच्या खांद्याला काहीतरी होतं, ते आत ओढले जातात. पण गेलो. आजा पांढरा सदरा घालून. रुमाल त्यानं टेबलावर उलगडला, आदल्याच दिवशी चिंचेनं घासून आणला होता पाहुण्यांकडे जायचं म्हणून, आणि खिडकीच्या उन्हात तो लखकन चमकला. सरांनी भिंग लावलं. चार-पाच सेकंद. मग भिंग काढून लोकांकडे बघून म्हणाले, "खरी वस्तू कधी एवढी चकाकत नसते. ऐंशी वर्षांचं पितळ काळं पडतं, त्याला एक रंग चढतो. आणि हे बघा, अक्षरं बसलेली, कोपरे बसलेले. हे साच्यात ओतलेलं काम आहे. नक्कल." आणि मग, थोडं हसून, "लग्नातल्या बँडवाल्यांच्या टोपीवर असतात ना, तसलं."

हॉल हसला. फार नाही, खसखस पिकली म्हणतात तेवढंच. पण आजा असा उभा होता की जणू त्याच्या अंगावरचा सदराच कोणी साच्यातला ठरवला. बँडवाले. सर सहज बोलले असतील. सहज बोललेलंच जास्त खोल जातं. कोणाच्या घराला बघून कोणता शब्द तोंडात सहज येतो, हे त्यांना माहीत नसेल, आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आजा म्हणाला, "माह्या बापाचा आहे जी." सर म्हणाले, "वडिलांची फसवणूक झाली असेल बाबा. तेव्हाही बाजार होताच." बाबांनी आजाचा दंड धरला. सरांनी विचारलं, "नकलेचा नमुना म्हणून मुलांना दाखवायला ठेवू का?" आणि बाबांनी, माझ्या बाबांनी, मान हलवली. ठेवा म्हणाले. रुमाल तेवढा घडी करून खिशात घातला.

आणि आता जे लिहितेय ते पुनमला माहीत नाही, पिंकीला नाही, आजपर्यंत घरीसुद्धा कोणाला नव्हतं. हॉल हसला तेव्हा मीही हसले. मी तेव्हा नववीत, तोंडातून शब्द न निघणारी, वर्गात प्रश्न आला की बाकाखाली वाकणारी. सगळे हसले आणि माझं तोंड आपोआप तसं झालं. आजानं नेमकं तेव्हाच माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे बघतात तसं. हे कोणाचं, कुठं द्यायचं?

त्या एक जानेवारीला मी सातला उठून चिंच भिजवली. कशासाठी कोण जाणे. आजा मफलर गुंडाळून पेपर वाचत बसला होता. अकरा वाजता त्यानं वाटी पाहिली आणि आईला म्हणाला, "कांता, चिंच हाय तं सार करून टाक." आम्ही दुपारी चिंचेचं सार जेवलो. मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसवर असताना, आजा गेला. शेवटच्या आठवड्यात तो डावा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बाबा बाहेर गेले. मी त्या अंगठ्याकडे बघत बसले आणि त्याच वेळी ठरवलं, धनराज सर. त्या नावानं मला इतकी ताकद दिली की मी रडलेसुद्धा नाही. दहावीची मुलं सकाळी उठून सूत्रं पाठ करतात, मी बिल्ले पाठ केले. बाबांच्या मोबाईलवर जगभरचे संग्राहक भांडतात ते वाचायची, अर्धं कळायचं, उरलेलं शब्दकोशातून. बाहीवरची फीत मूळची असेल तर तिच्याखालचं कापड गडद राहतं, ऊन लागलेलं नसतं म्हणून. नवा दोरा जुन्या कापडावर वेगळा ताणतो. आणि एका रात्री नाही, भर दुपारी, भूगोलाच्या तासाला, बाकाखाली मोबाईल धरून मी ते वाचलं आणि कानात घण पडल्यासारखं झालं. ओतीव नक्कल असेल तर ती सगळीकडे बोथट असते, उंचवट्यावर आणि खाचांमध्येही. झिजलेली खरी वस्तू फक्त उंचवट्यावर बोथट असते. खाचा धारदार राहतात. अंगठा खाचेत जात नाही ना! भिंग लावलेल्या माणसाला हे दिसायला एक सेकंद लागतो. त्यांनी चार-पाच घेतले होते.

म्हणजे चूक नव्हती? की होती? याच प्रश्नावर मी सहा महिने जगले. कबड्डीत शिरले, चढाया केल्या, तालुक्यात नंबर आला, वर्गात हात वर करायला लागले. सगळे म्हणाले दिव्यानी किती बदलली. मी बदलले नव्हते, मला फक्त एक माणूस पाडायचा होता. रात्री मी मनात त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेनं पाडायची. कधी सगळ्या गावासमोर, कधी त्यांच्याच नातवंडांसमोर. सगळ्यात आवडती तऱ्हा अशी की ते आजासमोर उभे आहेत आणि हॉल हसतोय. आजा हसत नसे. माझ्या मनातसुद्धा कधी हसला नाही.

आणि मग आज सकाळी पाटीवर वाचलं: मूळ बिल्ला. नमुन्याची नक्कल एका वर्षात मूळ झाली होती. तिला टोपी मिळाली, कोट मिळाला. कोट तिसऱ्याचाच. बाहीवर नाईकाच्या दोन फिती, त्यांची एक कड उसवली होती, तिच्याखालून दिसणारं कापड बाकीच्या बाहीइतकंच विटलेलं. म्हणजे फिती काल-परवा शिवलेल्या. पाटीवर शिपाई आणि बाहीवर नाईक! माझा पणजा मेल्यावर बढती मिळवून बसला होता. मला हसू आलं, जोरात, एकटीलाच, आणि या वेळचं हसू मला हवं होतं.

"बाळ," सर म्हणाले, "दुर्मीळ वस्तूला वारंवार हात लावत नसतात."

"मी नाई लावत. तुम्हीच लावा. मागं दोन कड्या असतील, एक खरी अन् एक पोलक्याचा हूक."

कोणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसली.

"नसला तं मी इथंच कान धरून माफी मागते. सगळ्यांसमोर."

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे बसले होते, रिटायर्ड हवालदार रामाजी, छातीवर पदकं, हातात गुच्छ. ते म्हणाले, "पलटवा ना जी सर. पोरगी विचारून राह्यली तं दाखवाले काय जाते?"

पिंकी मोबाईल धरून खुर्चीवर उभी राहिली होती. सरांनी खिशातले हातमोजे चढवले आणि टोपी काढली. आतली पिन काढताना त्यांची बोटं इतकी जपून हलत होती, आणि हे मला आवडलं नाही, कारण आजाची बोटं तशीच हलायची. खांब तळहातावर उलटा आला. रामाजी उठून पुढं वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "हाय बाप्पा! हूकच हाय."

यापुढचं मी हजारदा पाहिलं होतं, त्यात टाळ्या असायच्या. खरं तर नुसती खुर्च्यांची करकर झाली. कोणीतरी विचारलं, हूक म्हणजे काय, मूळ नाही का मग? मी सांगितलं. ठमाबाई, कल्हईवाला, गुलाबराव, चिंच, छतावरची राख, गेल्या वर्षी याच टेबलावर भिंग, बँडवाले. एका श्वासात, रेषेला शिवून येईपर्यंत श्वास सोडायचा नसतो. फक्त माझं हसणं नाही सांगितलं. ते घशात आलं आणि मी ते गिळलं. त्याची चव चिंचेसारखी होती.

सर मला मागच्या खोलीत घेऊन गेले. कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, दोन खुर्च्या. ते बसले आणि एकदम म्हातारे दिसले. मला ते बघायचं नव्हतं. मला पाडायला उभा माणूस हवा होता.

"तुझ्या वडिलांनी स्वखुशीनं दिला होता," ते म्हणाले.

"तुम्ही खोटा म्हटला म्हणून."

"मला तेव्हा खोटाच वाटला. चकाकी बघितली आणि खरंच वाटलं. घरी नेऊन महिनाभरानं नीट पाहिला, तेव्हा खाचा दिसल्या."

"मंग आमच्या घरी काऊन नाई आले?"

महिनाभरानं म्हणजे जानेवारी. आजा जिवंत होता, पेपर वाचत होता. सर राहतात त्या जटपुरा गेटपासून आमचं घर चालत पंधरा मिनिटं.

त्यांनी खांब मऊ कापडात गुंडाळून माझ्यापुढं सरकवला. "घेऊन जा. तुमचाच आहे. पण तो व्हिडिओ... मी घरी येऊन वडिलांची माफी मागतो. घरी." मग त्यांचा आवाजच बदलला, घाबरल्यासारखा झाला, आणि ही भीती व्हिडिओची नव्हती. "एक कर बाळ. आता घासू नका. तुम्ही लोक राखेनं घासत होता ना? ती पावर हाऊसची राख म्हणजे बारीक काच असते. अक्षरं गेलीच आहेत. अजून आठ-दहा वेळा घासलात तर खांब उरणार नाही. मी वर्षभर त्याला नुसत्या हातानंसुद्धा शिवलो नाही. हातमोजे घालतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस माझ्या आज्याला विसरला होता, पण खांबाला खरंच जपत होता. तिथंच मला कळलं की याला कुठं दुखतं. व्हिडिओनं दुखेल, पण वरवर. लोक चार दिवस बोलतील आणि पुढच्या डिसेंबरात हा पुन्हा काडी घेऊन उभा राहील. याच्या आत पोचायची वाट वेगळी होती. मी कापडाची पुडी परत त्यांच्याकडे सरकवली. म्हटलं, "कुठं द्यायचा ते सांगते." त्यांना कळेना. पुनमला आणि पिंकीलाही जिन्यात कळेना. पिंकी ओरडली, "सोडून आली? पागल हाय का बे तू?" मी व्हिडिओ कोणालाही न पाठवायची तिच्याकडून शपथ घेतली, तिच्या जर्नलच्या आकृत्या काढून द्यायचं कबूल करून. वाटभर मी जवळजवळ पळत होते. छतांवर राख पडत होती, नेहमीसारखी, दिसत नाही पण जिभेवर कळते.

घरी आई भाजीला पोपटाच्या शेंगा सोलत होती. बाबांना माझ्याआधी बातमी पोचली होती, आजासारखे बाबाही पोस्टात, आणि रामाजी तिथंच पेन्शनला येतात. त्यांचे खांदे आत ओढलेले होते.

"सर घरी येतो म्हणतात," बाबा म्हणाले. "फोन आला होता. येऊ दे, माफी मागू दे, खांब घेऊन टाकू. झालं ते झालं."

"घरी नाई," मी म्हटलं.

"मंग?"

"विहारात. एक जानेवारीले. सकाळी, सगळ्यांसमोर."

आई म्हणाली, "एवढं ताणू नको वं. म्हातारा माणूस हाय."

"आजा पण म्हातारा होता."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच दिसलं की वर्षभर त्यांनाही तो हॉल रोज ऐकू येत होता. मान हलवलेली तेही विसरले नव्हते. मग मी सांगितलं, सगळंच. बाबा, तुम्ही मान हलवली तेव्हा मी हसत होते. आजानं पाहिलं होतं. बाबांनी उठून कपाटातून घडी केलेला रुमाल काढला, गेल्या वर्षीचा, आणि टेबलावर ठेवला.

"सर म्हणतात घासलं तं खांब जाईन," बाबा हळूच म्हणाले. "खरं हाय का ते?"

"खरं हाय. मी पण वाचलं."

"मंग?"

"मंग काय. आतापर्यंत घासून घासूनच तो आपला झाला." माझा आवाज पुन्हा तसाच निघाला, हॉलमधल्यासारखा. या वेळी मी मागं वळून पाहिलं नाही. "मी ठरवलं आहे बाबा, तुम्हाला फक्त सांगून राह्यली. छतावरची राख मी गोळा करीन. चिंच मी भिजवीन. अन् घासतील सर. हातमोजे काढून, आज्यासारखं, डाव्या अंगठ्यानं. मी म्हणेपर्यंत."